भट्टीमास्तरांची दोन दिवसांची रजा

भट्टीमास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाला शाळेत शिकवलं नाही. स्वतःही ते शाळेत फार दिवस टिकले नव्हते. एकाच बेकरीच्या भट्टीसमोर चाळीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला मास्तर नाही म्हणायचं तर कुणाला म्हणायचं, म्हणून ते मास्तर. हे ठाऊक नसलेले नवे भाडेकरू कधीकधी मुलाचं प्रगतिपुस्तक घेऊन त्यांच्याकडे येत. मास्तर चष्मा लावून ते नीट बघत आणि "आच जरा कमी पडलीय" असं सांगून परत करत. आलेला माणूस मान डोलावून जाई.

त्यांच्या दोन गोष्टींचा बेकरीत फार बोलबाला होता. एक म्हणजे त्यांना वजनकाटा लागत नसे. मळलेल्या पिठातून गोळा तोडायचा, तळहातावर एकदा झुलवायचा आणि फळीवर टाकायचा. मालकाने सुरुवातीला हे गोळे काट्यावर घालून बघितले, सगळे तंतोतंत सारखे भरले, मग काटाच बिघडला असेल म्हणून तो दुरुस्तीला पाठवला, आणि शेवटी हात टेकले. दुसरी गोष्ट म्हणजे भट्टीतून निघालेला तापलेला पत्रा ते फडक्याशिवाय उचलत. बाकीचे लोक "अहो, पोळेल!" म्हणून ओरडत. मास्तर पत्रा शांतपणे मांडणीवर ठेवत आणि तळहात विजारीला पुसत. या दुसऱ्या गोष्टीचा त्यांना चांगलाच अभिमान होता. तो कसा उतरला, त्याची ही हकिगत.

मास्तर एकसष्ट वर्षांचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात ते, त्यांची मुलगी आणि साडेतीन वर्षांची नात. जावई जहाजावर, वर्षातून दोनदा उगवणारा. मुलगी लांब पल्ल्याच्या बसवर कंडक्टर होती. नात जन्मली तेव्हा तिचं नाक शर्टाच्या बटणाएवढं होतं, म्हणून तिला सगळे बटण म्हणायचे. आता नाक वाढलं होतं, पण नाव काही बदललं नाही.

बापलेकीत भांडण नव्हतं. बोलणं मात्र कामापुरतं. दूध आणलं का, दार लावलं का, उद्या कितीची गाडी. मुलीने बटणला एक अख्खा दिवस कधी वडिलांवर सोपवलं नव्हतं. तिच्या मनात राग असता तर एक वेळ परवडलं असतं, रागाचं भांडण तरी करता येतं. तिचा बापावर भरवसा नव्हता, आणि त्याचं काय करायचं हे मास्तरांना कळत नव्हतं. कारणही माहीत नव्हतं. विचारायची हिंमत तर त्याहून नव्हती.

अशात फ्लूची साथ आली. पाळणाघरातली निम्मी मुलं आजारी पडली आणि पाळणाघराला आठवडाभर कुलूप लागलं. त्याच आठवड्यात मुलीला मुक्कामी गाडी लागली. म्हणजे सोमवारी सकाळी निघायचं, रात्री तिकडेच मुक्काम, आणि मंगळवारी संध्याकाळी तीच गाडी घेऊन परत. एरवी ती अशी ड्यूटी मैत्रिणीशी बदलून घ्यायची. मैत्रीण स्वतःच फ्लूने आडवी झाली होती.

"मी घेतो रजा," मास्तर म्हणाले. "दोन दिवस भट्टी नाही पेटवली मी, तर काही जग उपाशी मरत नाही."

"तुम्हाला जमणार नाही, बाबा."

"पोरगी सांभाळायची आहे ना? विमान नाही चालवायचं."

ती हसली नाही. सोमवारी पहाटे उठून तिने बटणचे कपडे काढून ठेवले, डाळभात करून ठेवला, कागदावर फोन नंबर लिहिले. बटणचं नाक वाहत होतं, बाकी ती मजेत होती. दारात बूट घालता घालता मुलगी म्हणाली, "तिला ताप आला तर लगेच फोन करा. लगेच म्हणजे लगेच. तुम्ही आपलं 'होईल बरं' म्हणून बसू नका."

"हात लावून बघत राहतो दर तासाला," मास्तर म्हणाले.

ती क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलणार होती, पण बसची वेळ झाली होती. खांद्याला बॅग अडकवून ती गेली.

मास्तरांनी शब्द पाळला. नऊ वाजता हात लावला, दहा वाजता लावला, अकरा वाजता लावला. बटण दूध नको म्हणाली, बिस्किट नको म्हणाली, भिंतीवर रेघोट्या ओढायची खुली परवानगी दिली तरी नको म्हणाली, आणि त्यांच्या मांडीवर डोकं टेकून पडून राहिली. मास्तरांना वाटलं, लळा लागतोय. त्यांना केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! बारा वाजता बस जेवायला थांबली तेव्हा मुलीचा फोन आला.

"ताप?"

"छे छे. आत्ताच हात लावला. गार आहे पोरगी, एकदम गार."

"बघा हं, बाबा."

"अगं, खेळून दमलीय. झोपलीय माझ्या मांडीवर."

बटण खेळलीही नव्हती आणि झोपलीही नव्हती. उघड्या डोळ्यांनी पंख्याकडे बघत होती. पण नव्याने आजोबा झालेल्या माणसाला एवढं थोडंच कळतं! कागदोपत्री ते साडेतीन वर्षं आजोबा होते, खरे त्या दिवशीपासून.

तीन वाजता शेजारच्या टेलरकाकू बटणच्या फ्रॉकचं माप घ्यायला आल्या. या बाईंच्या तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असत आणि बोलणंही तसंच टोचरं. त्यांनी टेप बटणच्या छातीभोवती गुंडाळला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"मास्तर! पोरगी तापाने फणफणलीय!"

"काहीतरीच काय वहिनी. मी आत्ता हात लावला."

"कुठे लावलात, भिंतीला?"

त्या घरी पळाल्या आणि थर्मामीटर घेऊन आल्या. एकशे तीन. मास्तरांनी काडीवरचा तो आकडा दोनदा वाचला. मग कपाळाला पुन्हा हात लावला. खरं सांगायचं तर त्यांना अजूनही कपाळ गारच लागत होतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पोरीला चादरीत गुंडाळून ते चप्पल न घालताच निघाले. काकू त्यांच्या चपला हातात घेऊन मागून धावत होत्या आणि सबंध रस्ताभर त्यांचा उद्धार करत होत्या.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. तिने बटणची छाती तपासली, घसा बघितला, कानात डोकावून बघितलं.

"फ्लूच आहे, आजोबा. सध्या घराघरात आहे. छाती साफ आहे, घाबरायचं कारण नाही. तापाचं औषध देते. पाणी पाजत राहा, अंग कोमट पाण्याने पुसा. हिचं वजन किती?"

मास्तरांनी बटणला काखेत धरून उचललं, एकदा हलकेच झुलवलं आणि म्हणाले, "चौदा किलो चारशे."

डॉक्टर हसली. तिने बटणला काट्यावर उभं केलं. चौदा किलो चारशे. कंपाउंडर आतून बघायला आला.

त्याने डॉक्टरसाठी चहा आणला होता, त्यातला एक ग्लास मास्तरांपुढे केला. स्वतः त्याने तो काठाला रुमाल लावून धरला होता. मास्तरांनी सबंध मुठीत घेतला आणि तसाच धरून ते काकूंना सांगत राहिले की, आपण दर तासाला हात लावत होतो, देवाशपथ लावत होतो. डॉक्टरचं लक्ष त्या ग्लासकडे गेलं.

"आजोबा, चटका नाही बसत?"

"कशाचा?"

तिने ग्लास काढून घेतला, त्यांचा तळहात दिव्याखाली धरला आणि अंगठ्याने दाबून बघितला. तळवा टायरच्या रबरासारखा झाला होता. ओला कापूस, गरम पाण्यात बुडवलेला चमचा, असं एकेक लावून तिने विचारलं आणि मास्तर दर वेळी "साधाच आहे" म्हणत गेले.

"तुमच्या तळहाताला गरम कळतच नाही," ती म्हणाली. "बरीच वर्षं झाली असणार. यापुढे ताप बघायला थर्मामीटर वापरा. अगदीच नसेल तर गाल लावा. हात नको."

चाळीस वर्षं ज्याची शेखी मिरवली, ती गोष्ट अशी निघाली. बाहेर आल्यावर त्यांनी मुलीला फोन लावला. ताप आलाय, डॉक्टरांनी बघितलं, औषध दिलंय, घाबरू नको. "कधी आला?" तिने विचारलं. "आत्ता. दुपारी," मास्तर म्हणाले. जीभ चाचरली, पण म्हणाले. शेजारी उभ्या असलेल्या काकूंनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. दोरा दातांनी तोडताना बघायच्या तसं.

रात्रभर जागरण झालं. ते काही सांगण्यासारखं नाही, कुठल्याही घरात होतं तसंच. काकू बारापर्यंत बसल्या, औषध कधी द्यायचं ते त्यांनी बेकरीच्या ऑर्डरच्या कागदावर लिहून दिलं. एकदा औषध उलटून पडलं, चादर बदलावी लागली. बदलता बदलता मास्तरांना वाटून गेलं, आपल्या पोरीच्या लहानपणी अशा किती चादरी बायकोने एकटीने बदलल्या असतील. ते पहाटे दोनला भट्टीवर जायचे आणि दुपारी येऊन झोपायचे. घरात आजारपण येऊन गेलं हे त्यांना आजारपण गेल्यावर कळायचं. तिचे आभार मानायचे राहून गेले, हे त्यांना सहा वर्षांनी, हातात ओली चादर असताना कळलं. ते तिथेच "फार केलंस गं" असं पुटपुटले. आपण कुणाशी बोलतोय हे कळल्यावर मात्र घाईने नळ सोडला.

मंगळवारी सकाळी ताप शंभरावर आला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. काकूंनी पेज करून आणली, बटणने दोन चमचे खाऊन तोंड फिरवलं आणि पुन्हा डोळे मिटले. "झोपू दे, झोपेनेच बरं वाटतं," काकू म्हणाल्या. थर्मामीटरवर आकडा चांगला होता, पोरगी रडत नव्हती, काळजीचं काही दिसत नव्हतं.

अकराच्या सुमाराला अंथरुणात ऊन आलं म्हणून मास्तरांनी बटणला उचललं आणि ते जागीच थांबले. त्यांनी तिला खाली ठेवून पुन्हा उचललं. एकदा झुलवलं.

"वहिनी," ते म्हणाले, "पोरगी कमी भरतेय."

"म्हणजे?"

"अर्धा किलो कमी आहे कालच्यापेक्षा."

"तापातून उठलेलं पोर हलकं लागतंच हो. आणि काल याच हाताने एकशे तीन ताप गार सांगितला होता ना?"

कालच ज्याने दगा दिला, त्या हातावर आज विश्वास कोण ठेवणार? त्यांनी स्वतःही ठेवला नसता. ते खुर्चीवर बसले. मग आठवू लागले. पोरगी पाणी किती प्यायली? रात्रीपासून घोटभर. आपण ग्लास पुढे करायचो, ती नको म्हणायची, आणि आजारी पोराला कशाला छळा म्हणून आपण ग्लास ठेवून द्यायचो. आणि शू? शेवटची शू कधी केली? काकूंनी मास्तरांकडे बघितलं, मास्तरांनी काकूंकडे. काल रात्री झोपण्याआधी. त्यानंतर नाही.

या वेळी काकू पुढे धावत होत्या.

दवाखान्याच्या काट्यावर तेरा किलो नऊशे भरलं. डॉक्टर गंभीर झाली. तिने बटणची जीभ बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, हलकेच गालावर टिचकी मारली. बटण रडली, पण डोळ्यांत पाणी आलं नाही.

"पाणी कमी पडलंय हिला," ती म्हणाली. "ताप उतरला म्हणून लक्षात आलं नसतं कुणाच्या. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर सरळ इस्पितळात न्यावं लागलं असतं. आता इथेच बसा. हे साखरमिठाचं पाणी, दर दोन मिनिटांनी एक चमचा. जास्त नाही, उलटून पडेल. चुकवायचं नाही. दोन तासांत शू झाली तर घरी जा. नाही झाली तर सलाईन."

दोन मिनिटांनी एक चमचा. मास्तरांना असं काम कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. भट्टीसमोर उभं राहून एकेक पत्रा वेळेवर आत-बाहेर करण्यात जन्म गेला होता. बाकड्यावर बसून, भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवून त्यांनी चमचे सुरू केले. बटण तोंड फिरवायची, मास्तर थांबायचे, पण दोन मिनिटं भरली की चमचा ओठांना लागलेला असायचा. "नको, आबा." "बरं, नको. हा एवढा घे, मग नको." पुढच्या चमच्यालाही तेच.

समोर खोकणारी चार पोरं, त्यांच्या आया, आणि अंगठ्याला बँडेज बांधलेले एक गृहस्थ बसले होते. अर्ध्या तासात सगळ्यांना प्रकरण कळलं. काकू गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्याच. मग बँडेजवाले गृहस्थ स्वतःच्या घड्याळात बघून "झाली दोन मिनिटं" म्हणू लागले. त्यांचा नंबर आला तरी उठेनात. एका बाईने आपल्या पोराचं खेळणं बटणच्या हातात दिलं. तास गेला. दीड तास गेला. मास्तरांची पाठ धरली, चमचा धरलेली बोटं आखडली, आणि सलाईन हा शब्द त्यांच्या डोक्यातून जाईना. एवढीशी पोरगी, एवढासा हात, त्यात सुई कुठे टोचणार? आणि तिच्या आईला काय सांगणार?

पावणेदोनला बटण त्यांच्या मांडीवर चुळबुळली. मग हळूच म्हणाली, "आबा, शू झाली."

झाली होती. विजारीला, बाकड्याला, सगळीकडे. पोरीने खालचा ओठ बाहेर काढला. तिला लाज वाटली होती, गेलं वर्षभर ती स्वतः जाऊन करत होती ना!

"झाली!" मास्तर ओरडले. "वहिनी, झाली! डॉक्टर, झाली हो!"

दवाखानाभर आनंदीआनंद झाला. बँडेजवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. कंपाउंडर फडकं घेऊन आला, तोही हसत. मास्तर ओल्या विजारीने उभे राहून सगळ्यांचे आभार मानत सुटले. डॉक्टरचे, कंपाउंडरचे, काकूंचे, बँडेजवाल्यांचे, खेळणं देणाऱ्या बाईचे, आणि त्या बाईच्या शेंबड्या पोराचेसुद्धा. आभार मानायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे कुठे थांबायचं ते कळेना. शेवटी काकूच म्हणाल्या, "पुरे आता. घरी चला, विजार बदला." पण त्याही डोळे पुसत होत्या.

संध्याकाळी सहाला मुलगी आली. डेपोतून तशीच, गणवेशात, पायऱ्या धावत चढून. बटण अंथरुणात बसून दुधात बुडवलेला टोस्ट खात होती आणि अर्धा टोस्ट चादरीला भरवत होती. आईने तिच्या कपाळाला, मानेला, पोटाला हात लावला, मग ती तिच्या केसांत तोंड खुपसून बराच वेळ तशीच बसली.

बटण झोपल्यावर ती स्वयंपाकघरात आली. मास्तर चहा गाळत होते.

"काकूंनी सांगितलं वजनाचं," ती म्हणाली. "बाबा, मला सुचलं नसतं. बरं झालं तुम्ही होतात."

असं वाक्य ऐकायला मास्तर किती वर्षं आसुसले होते! ते ऐकून गप्प बसता आलं असतं. कालच्या तापाबद्दल काकू काही बोलल्या नव्हत्या हे उघड होतं. पण मास्तरांना ते शिळा पाव ताजा म्हणून विकल्यासारखं वाटलं.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "काल ताप दुपारी नाही आला. सकाळपासूनच असणार. मी हात लावत होतो, मला गार लागत होती. तुला फोनवर गार म्हणालो तेव्हा एकशे तीन असेल. आणि नंतरही मी खोटं बोललो."

ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"डॉक्टरांनी हात तपासला माझा. गरम कळतच नाही म्हणे या तळव्याला. कित्येक वर्षं. मला पत्ताच नव्हता गं." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले. आता ही बटणला घेऊन दुसरीकडे खोली बघणार, असं त्यांना वाटलं, आणि बघितली तरी तिचं चुकणार नव्हतं.

ती त्या हातांकडे बघत होती.

"मी दुसरीत होते," ती म्हणाली. "आई म्हणाली, पोरीला ताप आहे. तुम्ही भट्टीवरून आला होतात. कपाळाला हात लावलात आणि म्हणालात, 'काही नाही हिला, शाळा बुडवायचीय.' आणि झोपायला गेलात. चौथीत पण तेच. गोवर आला होता तेव्हा पण."

मास्तरांना यातलं काहीच आठवत नव्हतं, आणि आठवत नव्हतं याचंच जास्त वाईट वाटलं.

"आई मला सांगायची, त्यांच्या हाताला कळत नाही गं. मला वाटायचं, तुमची बाजू घेतेय." तिने मान वर केली. "मला खरंच ताप असायचा, बाबा."

"असणार," मास्तर म्हणाले. "असणारच, बाळा. चुकलं माझं."

चहा निवत होता. मुलीने गणवेशाच्या बाहीने तोंड पुसलं, खुर्ची ओढून ती त्यांच्या शेजारी बसली आणि नाक ओढत म्हणाली, "गुरुवारी परत मुक्कामी आहे. पाळणाघर उघडलं तरी बटण तुमच्याकडेच राहील. रजा मिळेल ना?"